नऊ खणांचं पाणी

लातूरच्या त्या हॉटेलात मी आजवर एकदाही मुक्कामाला राहिलेलो नाही. तरी तिथली कुठली चौकट पाव इंच कलली आहे आणि जिन्याची कितवी पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी आहे, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. हॉटेल बांधलं तेव्हा मी तिथं ओव्हरसियर होतो. नांदेडला डिप्लोमा करून नुकताच आलो होतो. खिशाला पेन, हातात टेप आणि सगळ्या जगाचा ओळंबा आपल्याच हातात आहे असं वाटण्याचं वय.

जागा गंजगोलाईपासून हाकेच्या अंतरावर. तिथं आधी निजामाच्या काळातलं एक दगडी गोदाम होतं. वरचे पत्रे उडालेले, भिंती मात्र दीड हात रुंद आणि काळ्याभोर. हैदराबादहून आलेल्या आर्किटेक्टनं ते पाडायला सांगितलं, पण एक दगड फेकू दिला नाही. प्रत्येकावर चुन्यानं नंबर घालून रचून ठेवायला लावला. आज लोक हॉटेलसमोर थांबून ज्या कमानी बघतात, कोपऱ्यावरचा तो गोलावा बघतात, तो सगळा त्या गोदामाचाच दगड आहे. त्यानं आधी तूर आणि करडी सांभाळली, मग बडे पाहुणे सांभाळले. आतली फरशी मोझॅकची, जिना इतका रुंद की चौघे जण हातात हात घालून चढतील. लिफ्टसाठी खड्डाही ठेवला होता. लिफ्ट मात्र कित्येक वर्षं आलीच नाही. तरी तिथं ‘लिफ्ट बंद आहे’ अशी पाटी पहिल्या दिवसापासून लावलेली होती आणि लोक ती वाचून मुकाट्यानं जिना चढत.

मालक डाळमिलचे शेठजी. जिल्हा होणार, जिल्हा होणार ही आवई तर मी शाळेत असल्यापासून ऐकत होतो, पण शेठजींनी ती ऐकून थेट पायाच खणला. मला म्हणाले, “कलेक्टर येनार, हाव का न्हाई? कलेक्टरला भेटायला मंत्री येनार. त्येंनी झोपायचं कुठं? लॉजवर, ढेकनांत?” त्या वेळी गावात लॉज होते, खानावळी होत्या, पण ज्याला हॉटेल म्हणावं असं काही नव्हतं. शेठजींचा हिशेब साधा होता. जिल्ह्याला कचेरी सरकार देईल, इभ्रत आपण द्यायची.

या इभ्रतीचा मुख्य भाग म्हणजे मागच्या अंगाचा मोठा हॉल. पहिल्या मजल्यावर, चारशे माणूस बसेल एवढा. शेठजींनी हैदराबादेत कुठंतरी एक दिवाणखाना पाहिला होता आणि तो त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. “मधी खांब नगं. आन् बीम बी दिसाय नगं. नवरीनं मान वर केली तर कोरी पाटी दिसली पायजे,” असा हुकूम. आर्किटेक्टनं तोड काढली. बीम स्लॅबच्या खाली न लोंबवता वरच्या बाजूला उभे केले. खालून छत सपाट, आणि वर गच्चीवर गुडघाभर उंचीच्या भिंतींनी आखलेले नऊ खण. पहिल्या दिवशी आमचा गवंडी मुकादम ते बघून म्हणाला, “साहेब, ह्यात भुईमूग पेरा.”

स्लॅब भरला तो ऐन उन्हाळ्यात. सिमेंट परमिटवर मिळायचं. ते हातात आलं तेव्हा ऋतू बघत बसायची सोय नव्हती. आणि इथं थोडं सांगायला हवं. काँक्रीट वाळून घट्ट होतं असं लोकांना वाटतं. ते पाणी पिऊन घट्ट होतं. भरल्यापासून एकवीस दिवस ते ओलं राहिलं पाहिजे. त्या दिवसांत तापलं तर आतून भुसभुशीत राहतं आणि ते कुणाला दिसतही नाही. सपाट स्लॅबवर मातीची आळी करून पाणी तुंबवावं लागतं. आमच्या स्लॅबवर नऊ हौद आयतेच होते.

पाणी मात्र आयतं नव्हतं. त्या साली आणि त्याच्या आदल्या सालीही पाऊस रुसला होता. नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी, तेही करंगळीएवढं. शेठजींची रेणापूरकडं शेती होती, तिथल्या विहिरीवरून रोज दुपारी चारला एक टँकर यायचा. मोटार लावून आम्ही पाणी वर चढवायचो. हॉलच्या मागं एक अरुंद गल्ली होती, हमालांची, विडी वळणाऱ्या बायांची, धुणंभांडी करणाऱ्यांची. तिथल्या बाया घागरी घेऊन नळाशी बसलेल्या असायच्या आणि टँकरच्या आवाजासरशी सगळ्यांच्या माना वर व्हायच्या.

चौथ्या दिवशी त्यांच्यातली एक जण शिडीखाली येऊन उभी राहिली. चाळिशीची असेल, कमरेला पदर खोचलेला, तोंडाची फटकळ. “साहेब,” म्हणाली, “दगडाला पानी पाजून राहिलाव रोज. आमी काय वाईट केलं?”

मी तिला सिमेंटचं शास्त्र समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “हाव, पिऊ द्या त्येला. उष्टं राहील ते आमाला द्या. प्यायला न्हाई, धुन्याला.”

मला तिचं उत्तर आवडलं आणि त्याहून जास्त आपलं डोकं आवडलं, कारण मी लगेच एक युक्ती काढली. टँकर यायच्या आधी अर्धा तास खणांतलं कालचं पाणी रबरी नळीनं गल्लीत सोडायचं. टँकर आला की खण पुन्हा भरायचे. स्लॅब ओला, गल्लीही ओली, शेठजींचं काही जात नाही. रोज साडेतीनला मी वर उभा राहून नळीचं तोंड सोडायचो आणि खाली घागरी लागायच्या.

इथं एक गोष्ट कबूल करतो, कारण ती लपवली तर पुढचं सगळं खोटं होईल. मला ते फार आवडायचं. माझं गाव शिरूर अनंतपाळकडचं. आईच्या लहानपणी आमच्या माणसांनी विहिरीला हात लावायचा नाही, घागर खाली ठेवून उभं राहायचं आणि कुणाला दया आली तर त्यानं वरून ओतायचं, अशी रीत होती. पुढं आम्ही बौद्ध झालो, पण गावच्या विहिरीला ते कळायला आणखी बरीच वर्षं लागली. आई हे सांगायची तेव्हा तिचा आवाज चढायचा नाही, हात मात्र घागर धरल्यासारखे व्हायचे. आणि आता मी, तिचा मुलगा, वर उभा होतो आणि खाली सगळ्या जातींच्या घागरी होत्या. मी नळी थोडी उंच धरायचो. गरज नसताना.

अकराव्या दिवशी टँकर आला नाही.

साडेतीन वाजले होते. विहीर आटत आलीय, उद्याचा भरवसा नाही, असं टँकरवाला आदल्या दिवशीच सांगून गेला होता. खण कालच्या पाण्यानं भरलेले, खाली बाया बसलेल्या. आधी टँकरची वाट बघायची, मगच नळी सोडायची, एवढं तर पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळलं असतं. पण त्या सगळ्या वर बघत होत्या. ‘आज नाही’ हे दोन शब्द माझ्या तोंडातून फुटेनात. आज ना उद्या येईल टँकर, असं म्हणून मी नळी सोडली. नऊच्या नऊ खण रिकामे केले.

संध्याकाळी शेठजींचा निरोप आला. रेणापूरच्या विहिरीनं तळ गाठला, आता तिथं जनावरांपुरतंच पाणी आहे, दुसरी सोय होईपर्यंत असेल त्यात भागवा. असेल त्यात! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. दहा दिवस जपून वापरता आलं असतं असं पाणी मी एका दुपारी मोठेपणासाठी ओतून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी डाळमिलमधून जुनं बारदान आणलं, साईटवर उरलेलं दोन पिपं पाणी त्यावर शिंपडलं आणि पोती सगळ्या स्लॅबवर अंथरली. दुपारी हात लावला तर पोती कडकडीत. गल्लीतल्या बायांकडं न बघता मी शिडीवरून उतरलो. त्यानंतरही टँकर आलाच नाही. चार दिवसांनी शेठजी आले, खालूनच विचारलं, “पानी चालू हाय न्हवं?” मी म्हणालो, “चालू आहे.” ते म्हणाले, “तू हायस म्हून मला घोर न्हाई.”

मात्र एक नवल होतं. सकाळी आठला मी वर जायचो तेव्हा पोती ओली असायची. दमट नव्हे, चांगली ओली. मी ठरवून टाकलं की डाळमिलचं तागाचं बारदान रात्रीचा गारवा धरून ठेवतं. खणांच्या कडेला पांढुरके वळ दिसायचे, ते मी चुन्याचे मानले. एकदा भाताची शितं दिसली, ती चिमण्यांनी आणली असणार. माणसाला आपली युक्ती खरी ठरवायची असली की तो डोळ्यांनाही गप्प बसवतो. पुढं नांदेडला सरकारी नोकरीत असताना मी किमान वीस वर्षं नव्या पोरांना सांगत आलो की पाणी नसेल तर तागाचं बारदान वापरा, रात्रभर ओल धरतं, माझा अनुभव आहे. पोरांनी लिहूनही घेतलं.

एकविसाव्या दिवसानंतर सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू, काढायची वेळ आली. ‘काढा’ हा हुकूम मीच द्यायचा होता. खालचे टेकू काढायला सुरुवात झाली तेव्हा मी हॉलच्या बरोबर मध्यावर जाऊन उभा राहिलो. मुकादम ओरडला, “साहेब, भाईर व्हा! तितं उभं राहत असत्यात व्हय?” मी हललो नाही. ती हिंमत नव्हती. पडलाच तर आपल्यावर आधी पडावा, नंतर तोंड दाखवावं लागू नये, एवढाच विचार होता. एकेक टेकू निघाला. शेवटचा निघाला. स्लॅब जागच्या जागी होता. मी बाहेर आलो आणि विटांच्या थप्पीआड जाऊन बसलो.

जिल्हा झाला, हॉटेल उघडलं. गाड्या आल्या, साहेब आले, मंत्री आले, शेठजींचा शब्द खरा ठरला. हॉलमध्ये पहिलं लग्न लागलं तेव्हा मी भिंतीला चिकटून उभा होतो. सगळे नवरा-नवरीकडं बघत होते, मी छताकडं. ईशान्येच्या कोपऱ्यात केसाएवढी एक भेग होती. ती गिलाव्याची आहे की स्लॅबची, हे मला खालून ठरवता येईना. पुढं मी नांदेडला गेलो. तिथं गोदावरी होती, पाण्याची ददात नव्हती, तरी लातूरला आलो की काही ना काही निमित्तानं त्या हॉलमध्ये डोकावायचो. भेग तेवढीच असायची. भूकंप झाला त्या सकाळी बातमी ऐकली आणि माझ्या मनात आधी गावातलं घर आलं नाही, आधी तो हॉल आला. याची मला आजही लाज वाटते. त्या भयंकर दिवसांत पाहणीच्या कामावर लातूरला आलो, तेव्हा हॉल धडधाकट उभा होता. पण इंजिनिअरचं मन विचित्र असतं. एकदा टिकलं म्हणजे पुन्हा टिकेल असं त्याला कुणी सांगू शकत नाही.

आणि मग माझ्याच मुलीचं लग्न ठरलं. मुलाकडचे लातूरचे, माणसं पुष्कळ. त्यांनी लातूरच्या त्याच हॉलचं नाव काढलं. बायको हरखली. “तुम्ही बांधलेला हॉल,” ती म्हणाली, “यापेक्षा आणखी काय पाहिजे?” मी नाही म्हणालो. दुसरा बघू म्हणालो. आठ दिवस घरात अबोला. शेवटी ती म्हणाली, “अहो, कारण तरी सांगा. दुष्काळात बायांना पाणी दिलं म्हणून त्याच हॉटेलचं कौतुक तुम्ही उभा जन्म सांगत आलात.” तेव्हा मी तिला गोष्टीचा उरलेला अर्धा भाग सांगितला. चारशे माणसं आणि आपली पोर त्या छताखाली उभी करायची माझी छाती होत नाही, म्हणालो. तिनं पाहुण्यांची यादी घडी घालून बाजूला ठेवली. मग म्हणाली, “तर मग जाऊन नीट बघून या. नुसतं घाबरून काय होणार?”

शेठजी तोवर वारले होते. त्यांच्या मुलानं गच्चीची किल्ली दिली. मी हातोडी घेऊन वर गेलो. खणांत आता गळती थांबवायला घातलेला विटांचा कोबा होता, पण बीम तसेच उघडे होते. मी वाकून एकेक बीम ठोकून बघू लागलो. घट्ट काँक्रीट खणखणतं, पोकळ असलं तर बद्द वाजतं. सगळीकडं खणखणच येत होतं आणि माझा विश्वास बसत नव्हता.

“काय हरवलं व्हय, साहेब?”

मागच्या गल्लीतली घरंही आता स्लॅबची झाली होती आणि एका गच्चीवर शेवया वाळत घातल्या होत्या. त्यांच्याजवळ एक म्हातारी बसली होती. कमरेला खोचलेल्या पदरावरून मी तिला ओळखलं. तिनं मला केव्हाच ओळखलं होतं.

“मावशी,” मी म्हणालो, “पोरीचं लग्न खालच्या हॉलमध्ये करायचंय, म्हणून हा स्लॅब कच्चा आहे का बघतोय. त्या वर्षी पाणी संपलं. अकरा दिवसच मिळालं याला.”

“अकरा कुटं?” ती म्हणाली. “चांगला म्हैनाभर पेला की त्यो.”

मी बारदानाचं सांगायला लागलो. ती इतकी हसली की तिला खोकला आला.

“बारदान? अवो, आमी वतत व्हताव! तुमी त्या दिशी समदं सोडलं अन् दुसऱ्या दिशी शिडीवरून रडकं त्वांड घिऊन उतरलाव. आमाला दिसत न्हवतं व्हय? मुकादम बोलला, ह्ये वाळलं तर पोराची नौकरी जाती. मग काय करावं? धुन्याचं पानी, भांड्याचं पानी, तांदूळ धुतल्यालं पानी, पयलं आमी मोरीत सोडत व्हताव. ते समदं सांच्याला पिपात साठवायचं अन् पाटं उजडायच्या आत वर न्यायचं. बारा घरच्या बाया. तुमचा रातचा वाचमन शिडी धरायचा.”

माझ्या हातात हातोडी तशीच राहिली. पांढुरके वळ साबणाचे होते. शितं चिमण्यांनी आणली नव्हती.

“पण मला का नाही सांगितलं?”

तिला प्रश्नच कळला नाही बहुतेक. “सांगायचं काय त्येच्यात? कुनाच्या घरून भरल्यालं भांडं आलं, तर आपुन रिकामं धाडतो व्हय? चिमूटभर साखर तरी टाकतोच की. आमच्यापाशी तवा त्येच पानी व्हतं. अन् दिल्यालं कुनी तोंडानं सांगत असतंय का, साहेब?”

मी तर पंचवीस वर्षं सांगत होतो. नातेवाइकांना, ऑफिसात, मुलीला झोपवताना. वर उभं राहून खाली पाणी देणारा मी, अशीच ती गोष्ट होती. आणि त्या सगळ्या वर्षांत ज्या बाया घागरी डोक्यावर घेऊन माझ्या शिडीवरून चढून गेल्या, त्यांनी एक शब्द काढला नव्हता. मी त्या बीमवरच बसलो. रडू आलं, ते तिच्यासमोरच आलं. पुस्तकात साबणाचं पाणी काँक्रीटला चालत नाही असं लिहिलंय, हेही मला त्याच वेळी आठवत होतं.

“डोळं पुसा,” ती म्हणाली. “लगीन कवा हाय?”

लग्न त्याच हॉलमध्ये झालं. पांढऱ्या कपड्यांत वऱ्हाड बसलं, वंदना झाली, पोरगी वर न बघता लाजत खाली बघत राहिली. मागच्या गल्लीतून आठ जणी आल्या होत्या. बारांतल्या तेवढ्याच उरल्या होत्या. त्यांच्यासोबत सुना, नाती. हॉलमध्ये पाऊल टाकल्यावर त्यांनी नवरीकडं पाहिलं नाही, माना वर करून छताकडं पाहिलं, आणि म्हातारीनं हात वर करून नातीला काहीतरी दाखवलं. मीही वर पाहिलं. ईशान्येची भेग तिथंच होती. मी ती मोजली नाही.

जेवणाच्या पंगतीला मी वाढप्याच्या हातातला जग घेतला आणि त्यांच्या पंक्तीत पाणी वाढायला गेलो. खाली वाकून, एकेकीच्या ग्लासात. म्हातारीचा ग्लास काठोकाठ भरला तरी माझा हात थांबेना.

तिनं ग्लासावर तळहात आडवा धरला.

“पुरं, साहेब,” ती म्हणाली. “स्लॅबाला ठिवा थोडं.”